खडखड थांबल्यावर

दत्ता जॉबरचा ओढ-अंक शंभरापैकी चौदा निघाला, आणि घरात टाळ्या वाजवायच्या की रडायचं, तेच कुणाला कळेना.

राजीनं आकडा मोबाइलवर तीनदा वाचला. मग खिडकीजवळ जाऊन उजेडात वाचला, जणू उजेडात तो एकेचाळीस होणार होता.

"चौदा," ती म्हणाली.

"शंभरात?" आईनं भाकरी थापता थापता विचारलं. "म्हंजे नापास?"

"अगं आई, इथं कमी म्हंजे चांगलं! ज्याच्या मेंदूला दारूची ओढ जास्त, त्याचा आकडा मोठा. साठाच्या वर गेला की आजार. आणि तिसाच्या खाली म्हंजे..." राजी अडखळली. "म्हंजे काहीच नाही. म्हंजे आमच्या गणिताच्या बाईंइतका असेल."

पप्पा उंबऱ्याजवळ बसून पाना पुसत होते. त्यांनी वर पाहिलं, पुन्हा पान्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "गणिताच्या बाई पितात का?"

"नाही हो पप्पा!"

"मग मी का पीत होतो?"

हा प्रश्न त्यांनी भांडायला विचारला नव्हता. बिघडलेल्या मागाखाली वाकून एखादा स्क्रू गेला कुठं म्हणून विचारावं, तसा विचारला होता. दत्तात्रय बुगड हे इचलकरंजीत धोट्याचे माग अजून चालवणाऱ्या मोजक्या कारखान्यांपैकी एकातले जॉबर. जॉबर म्हणजे मागांचा डॉक्टरच. चोवीस माग एकदम खडखडत असताना कुठल्या मागाचा धोटा लंगडतोय, हे ते दारातून ऐकून सांगायचे. आणि नऊ वर्षांपूर्वीपर्यंत हेच पप्पा संध्याकाळी घरी यायचे ते कुणाच्या तरी खांद्यावरून. राजी पहिलीत असताना शाळेच्या संमेलनात ती भेंडी झाली होती. तिला न्यायला पप्पा येणार होते. सगळी वांगी, टोमॅटो, कोबी आपापल्या घरी गेले आणि भेंडी मात्र हिरवं देठ डोक्यावर घेऊन दिवेलागणीपर्यंत शाळेच्या दारात शिपाईमामांबरोबर उभी होती.

त्यानंतर आई माहेरी निघून गेली. परत आली ती एका शब्दामुळे. व्यसनमुक्ती केंद्रातल्या समुपदेशक बाईंनी तिला समजावलं होतं, "ताई, हा आजार आहे. साखरेचा असतो ना, तसा." आजाऱ्याला कोण सोडून जातं? त्या एका शब्दावर आईनं संसार पुन्हा मांडला, पप्पांनी बाटली सोडली आणि दर शुक्रवारी ते त्यांच्यासारख्या माणसांच्या मीटिंगला जायला लागले.

आणि आता हे चौदा.

तव्यावरची भाकरी करपून धूर निघाला तरी आईचा हात हलला नाही. "आजार नव्हता," ती सावकाश म्हणाली. "मग काय होतं?"

आईनं करपलेली भाकरी उचलून बाजूला ठेवली आणि त्या मंगळवारपासून ती बोलायचीच थांबली.

आता राजीच्या आईचं बोलणं थांबणं म्हणजे काय, ते सांगायला हवं. ही बाई कुकरशी बोलायची. भाजीवाल्याशी बोलून झालं की भाजीशी बोलायची. टीव्हीवरच्या बातमीदाराला मधेच अडवून "तुझं लग्न झालंय का रे?" विचारायची. ती गप्प झाली तशी घराची भिंतच पडल्यासारखं झालं.

राजीला तर तोंड लपवायलाही जागा नव्हती, कारण हे सगळं तिनंच आणलं होतं. दहावीत गेल्यापासून, म्हणजे तालुक्याच्या विज्ञान वक्तृत्वात पहिली आल्यापासून, तिला अंगात नवीन हाडं आल्यासारखं वाटायचं. कुणी काही म्हटलं की ही लगेच विचारायची, "याला पुरावा काय?" शाळेच्या फलकावर मेंदू-वारसा अभ्यास केंद्राचा कागद लागला, "व्यसनातून बाहेर पडलेल्या व्यक्तींचा अभ्यास, स्वयंसेवक हवेत", तेव्हा तिनं मधल्या सुट्टीतच पप्पांच्या नावाचा अर्ज भरून टाकला होता. तिला वाटलं होतं, पप्पांचा आकडा ऐंशी-नव्वद येईल आणि मग ती सगळ्या नातेवाइकांना दाखवेल, बघा, केवढ्या मोठ्या राक्षसाला माझ्या बापानं लोळवलंय!

केंद्रातल्या डॉक्टर फरीदा मुजावर तिला फार आवडल्या होत्या. त्या समजावून सांगताना पदार्थांचीच उदाहरणं द्यायच्या.

"हे बघ, राजनंदिनी," त्यांनी पडद्यावर मेंदूचं चित्र उघडलं होतं. "इथं आत, मधोमध, शेंगदाण्याएवढी जागा आहे. आवडती गोष्ट मिळणार असं नुसतं वाटलं तरी ही पेटते. मिळाल्यावर नाही हं, मिळणार म्हटल्यावर! भजी तळल्याचा वास आला की भजी यायच्या आधीच तोंडाला पाणी सुटतं ना? तेच. व्यसन लागलेल्या माणसाची ही जागा नुसत्या बाटलीच्या चित्रानं भडकते. मेंदूचा जो भाग काम करतो तिकडं ताजं रक्त धावतं, आणि आमच्या मशीनमधल्या मोठ्या चुंबकाला ते रक्त दिसतं. आम्ही एकदा बाटली दाखवतो, एकदा साधी बादली. दोन्ही वेळच्या उजेडातला फरक म्हणजे ओढ."

"आणि थुंकी कशाला घेतली?"

"जनुकांसाठी. दारूचं असं एकच जनुक नसतं बरं का. शेकडो असतात, आणि मसाल्यात पडतं तसं एकेकाचं चिमूटभर. कुणाचं यकृत दारू कशी पचवतं, कुणाचा मेंदू मजा किती लक्षात ठेवतो, सगळ्या चिमटींची बेरीज करायची. मग मेंदूचं चित्र आणि ती बेरीज, दोन्ही मिळून संगणक एक आकडा देतो."

मुजावर मॅडम मोठ्या हुशार. परदेशी चित्रसंचातले उंच पायाचे ग्लास इथं चालणार नाहीत, हे ओळखून त्यांनी स्वतः फिरून फोटो काढले होते. देशीची क्वार्टर, प्लास्टिकचा पेला, उकडलेले हरभरे, दुकानाच्या दारातला मळका हिरवा पडदा. म्हणजे त्या बाजूनं चुकायला जागाच ठेवली नव्हती.

तपासणीच्या दिवशी पप्पा त्या बोगद्यासारख्या मशीनमध्ये आडवे झाले, बोटाला नाडी मोजायचा चिमटा लावला आणि मशीन सुरू झालं. खट् खट् खट् घर्र, खट् खट् खट् घर्र! बाहेर काचेमागं राजीनं कान झाकले. त्यांच्या आधीचा माणूस घाबरून घंटा दाबून बाहेर पळाला होता. पप्पा मात्र जांभई देत बाहेर आले.

"लई दिवसांनी असं निवांत वाटलं," ते म्हणाले. "मशीनवाल्यानं डोळं उघडं ठेवा म्हटलं म्हणून ठेवलं, नाही तर घोरलोच असतो. आणि मॅडम, तुमच्या मशीनचा डाव्या अंगाचा पंखा घासतोय बघा."

मशीन चालवणाऱ्यानं पाहिलं तर खरंच घासत होता! सगळे पोट धरून हसले. राजी तर सगळ्यांत जास्त.

बुधवारी संध्याकाळी संताजीमामा आला. चपला काढायच्या आधीच ओरडला, "काय दाजी! सरकारी शिक्का मिळाला की तुम्हाला!"

"सरकारी नाही मामा, अभ्यास केंद्राचा," राजी म्हणाली.

"तेच गं ते. शिक्का तो शिक्का." मामा पप्पांच्या मांडीला मांडी लावून बसला. "रविवारी नातवाचं जावळ. बकरं ठरलंय, मंडप ठरलाय, डीजे ठरलाय. नऊ वर्षं तुम्ही आमच्यात बसून लिंबू सरबत पिताय दाजी, बघवत नाही हो. आता मशीनच म्हणतंय ह्या माणसाला काही झालेलं नाही. मग एक. नुसता एक. नातवाच्या नावानं!"

राजीला पप्पांचं उत्तर पाठ होतं. नऊ वर्षं ते एकच उत्तर देत आले होते आणि समोरच्याचा प्रश्न संपायच्या आत देत आले होते. नको.

पप्पा म्हणाले, "बघू."

आईनं चहाचे कप आणून ठेवले, भावाकडं पाहिलं नाही, नवऱ्याकडं पाहिलं नाही, आणि आत गेली.

"अक्काला काय झालं?" मामानं विचारलं.

मामा गेल्यावर राजीनं पप्पांना दारातच गाठलं. "बघू म्हंजे काय?"

"बघू म्हंजे बघू."

"तुम्हाला प्यायचीय?"

"तसं नाही गं बाळा." त्यांनी डोकं खाजवलं. "नऊ वर्षं मी दर शुक्रवारी उभा राहून सांगतोय, मी आजारी माणूस आहे. दारूच्या दुकानावरनं जायला लागू नये म्हणून लांबचा रस्ता धरतोय. लग्नात बसत नाही, वरातीत जात नाही. आता तुझं मशीन म्हणतंय, तू धडधाकट आहेस. मग एवढी वर्षं मी कशाला भ्यायलो? सांग की. तू हुशार आहेस."

राजीच्या डोक्यात एकीकडून विज्ञान ओरडत होतं की आकडा म्हणजे पुरावा, आणि दुसरीकडून पोट ओरडत होतं की रविवारी काहीतरी भयंकर होणार आहे. पोटाकडं पुरावा नव्हता.

गुरुवारी गच्चीवर वाळलेले कपडे काढताना तिनं आईला धरलं. "आई, तू तरी सांग ना त्यांना, एक पण नको म्हणून."

आईनं चादरीची दोन टोकं जुळवली. दोन दिवसांत पहिल्यांदाच ती बोलली, तेही चादरीकडं बघत. "तुला शाळेच्या दारात उभं केलं, ते आजारानं केलं असं मी धरून चालले. माझ्या अंगावर ताट फेकलं, ते आजारानं फेकलं. आजारावर काय रागवायचं? गिळलं सगळं. आता ते म्हणतात आजार नव्हताच. म्हंजे तो माणूस होता. आणि त्या माणसाशी काय बोलायचं, ते मला सुचत नाही, राजी."

एवढं बोलून ती पुन्हा मिटली.

शनिवारी शाळा अर्धा दिवस. पप्पा डबा विसरले होते, की मुद्दाम ठेवून गेले होते, कोण जाणे. राजी तो घेऊन कारखान्यात गेली. आत पाय टाकला की खडखडीनं दातसुद्धा हलतात. तिथं कुणी तोंडानं बोलत नाही, सगळं हातांनी आणि ओठांनी. पप्पांनी लांबूनच बोटं तोंडाशी नेऊन विचारलं, जेवलीस का? तिनं मान हलवली. पप्पा हसले. मंगळवारनंतर पहिल्यांदा इतके मोकळे हसले.

तेवढ्यात वीज गेली.

चोवीस माग एकामागून एक धापा टाकत थांबले आणि शांतता अशी आली की राजीच्या कानात शिट्टी वाजायला लागली. कामगारांनी हातपाय ताणले, कुणी तंबाखू मळायला घेतली. पप्पांचं हसू मात्र गेलं. त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली. नजर दाराकडं गेली, दारातून रस्त्यापलीकडं गेली, परत आली, पुन्हा गेली. आणि मग त्यांनी हातातला पाना मागाच्या लोखंडावर आपटायला सुरुवात केली. ठण, ठण, ठण.

"दत्तोबा, डोकं उठवू नका की!" कुणीतरी ओरडलं.

राजी त्यांच्या जवळ गेली. "काय होतंय, पप्पा?"

"काही नाही. सवय."

"कसली?"

ते बराच वेळ ठोकत राहिले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "माग चालू असताना मला कधी प्यावीशी वाटली नाही, राजी. इतकी वर्षं झाली, एकदासुद्धा नाही. थांबले की मग कान रिकामे होतात. आणि कान रिकामे झाले की ती बोलायला लागते."

"ती कोण?"

"बाटली. दुसरं कोण?"

वीज आली. माग पुन्हा धडधडले, आणि पप्पांचे खांदे राजीच्या डोळ्यांसमोर दोन बोटं खाली उतरले. जा घरी, असा हात करून ते कामाला लागले.

राजी दारापर्यंत आली आणि तिथंच खिळली. खट् खट् खट् घर्र! मशीनमध्ये जांभई देणारे पप्पा! तिनं सायकल अशी हाणली की चौकात रिक्षावाल्यानं तिच्या सात पिढ्यांची चौकशी केली.

मुजावर मॅडम डबा खात होत्या. राजीनं धापा टाकतच सगळं सांगितलं. मॅडमचा घास हातात राहिला.

"तुमचं मशीन मागासारखं वाजतं, मॅडम! तुम्ही पप्पांना बाटली दाखवली ती त्यांच्या कारखान्यात नेऊन दाखवल्यासारखी दाखवली. तिथं त्यांना ओढ लागतच नाही!"

"थांब, थांब." मॅडमनी हात पुसले आणि संगणकावर पप्पांची फाइल उघडली. "मशीन बंद असताना मेंदूचं चित्र निघत नाही. पण चित्रांच्या दोन फेऱ्यांमध्ये आम्ही अर्धा मिनिट मशीन थांबवतो. त्या वेळी बोटाचा चिमटा चालूच असतो." त्यांनी नाडीची रेघ पडद्यावर ओढली. दोघी वाकून बघू लागल्या. "आवाज चालू असताना बासष्ट. बादलीच्या चित्रांनंतर मशीन थांबलं तेव्हा... चौसष्ट. आणि बाटलीच्या चित्रांनंतर थांबलं तेव्हा..."

"अठ्ठ्याण्णव," राजीनं वाचलं.

मॅडम खुर्चीला टेकल्या. मग त्यांनी दुसरी यादी उघडली. शहरातले शहाऐंशी माग कामगार तपासले होते. शहाऐंशींचेही आकडे विसाच्या आत.

"मी यावर लेख लिहीत होते," त्या म्हणाल्या, आणि त्यांना हसू आलं, पण ते हसू बघवत नव्हतं. "या गावच्या विणकरांच्या रक्तात दारूची ओढ पुसून टाकणारं काहीतरी दुर्मीळ आहे, असं. अर्धा लेख झालाय. मी त्यांच्या मेंदूत इतकी आत शिरले की आजूबाजूला काय वाजतंय ते मलाच ऐकू आलं नाही."

"मग पप्पांचा खरा आकडा किती?"

"माहीत नाही."

"आणि जनुकं?"

"त्यांची बेरीज खरंच कमी येते. पण ती बेरीज ज्या लाखो लोकांवरून बसवली, त्यांत आपल्याकडची माणसं मूठभर. त्यामुळं तेही..." त्यांनी हात हलवला.

राजीला रडू यायला लागलं. "पण मग आजार आहे का नाही? मला घरी जाऊन काय सांगू? आईला काय सांगू?"

"बाळा, ओढ आहे. एवढं ही रेघ सांगते. ती रक्तातून आली, कारखान्यातून आली, की आणखी कुठून, ते मला आज सांगता येत नाही. सांगता येतं असं वाटलं होतं, तीच चूक झाली." मॅडमनी फोन ओढला आणि यादीतला पहिला नंबर लावला. "आता या सगळ्यांना सांगायला हवं. आकडा ऐकून कुणीकुणी पेला उचलला असेल, देव जाणे."

राजी निघेपर्यंत बारा जणांना फोन झाले होते. त्यातल्या तिघांनी उचलला नव्हता.

संध्याकाळी तिनं पप्पांना सांगितलं. आई आत तांदूळ निवडत होती. ऐकत होती, पण काही बोलली नाही. पप्पांनी सगळं नीट ऐकून घेतलं, मागाचं ऐकतात तसं, मान तिरकी करून.

"म्हंजे चौदा नाही."

"नाही, पप्पा."

"मग किती?"

"ते कुणालाच माहीत नाही."

ते उठले, पुन्हा बसले. "राजी, मी सातवी नापास माणूस. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला चांगले मार्क दिले होते. चार दिवस छाती काढून चाललो मी. आणि तू खोडरबर घेऊन आलीस."

"पण पप्पा, पुरावा..."

"असू दे तुझा पुरावा!" ते इतक्या जोरात ओरडले की शेजारचा कुत्रा भुंकला. मग लगेच आवाज पडला. "असू दे. जेव तू."

राजी जेवली नाही. आपण बरोबर होतो, शंभर टक्के बरोबर होतो. मग असं चोरी केल्यासारखं का वाटतंय?

रविवारी सकाळी ती आंघोळ करून बाहेर आली तर गाडी दारात नव्हती. शेजारच्या काकू म्हणाल्या, "गेले की तुझे पप्पा. मी पुढं होतो म्हणाले."

राजी आणि आई बसनं निघाल्या. नदीवरचा पूल आला, गेला. आई खिडकीबाहेर बघत होती. राजीनं तिच्या हातावर हात ठेवला. आईनं तो काढला नाही, पण बोललीही नाही.

मामाच्या शेतावर मंडप, रश्श्याचा वास, मुंडण झालेलं रडवेलं पोर, सगळं होतं. पप्पा नव्हते.

"दाजी ना? आले होते की," मामा म्हणाला. त्याचे डोळे लाल झाले होते. "मीच भरून दिला. हातात घेतला. तेवढ्यात देवाला नारळ फोडायचा म्हणून डीजे बंद केला, आणि हे उठून चालायलाच लागले. हाक मारली तर वळून बघितलं नाही."

"आणि ग्लास?" राजीनं विचारलं.

"ग्लास..." मामानं इकडंतिकडं पाहिलं. "घेऊन गेले वाटतं."

राजीनं आईचा हात धरला. त्या दोघी निघाल्या. उसाच्या कडेनं बघितलं, विहिरीपाशी बघितलं. विहिरीत डोकावताना राजीनं डोळेच मिटले आणि आईनं तिच्यासाठी बघितलं. घाटावर बघितलं. गावात शिरल्या, तेव्हा एका बोळातून आवाज आला. फट् फट् फट् फट्.

पिठाची गिरणी.

राजी धावत सुटली. गिरणीच्या आत पिठाचं धुकं होतं आणि त्या धुक्यात पोत्यावर एक पांढरा माणूस बसला होता. केस पांढरे, भुवया पांढऱ्या, शर्ट पांढरा. नुसते डोळे काळे. ती सरळ त्यांच्या अंगाशी गेली आणि लहानपणी जायची तसं नाक त्यांच्या तोंडाजवळ नेलं. लाज वाटली, तरी नेलं. ज्वारीचा वास आला. गरम, नुकत्या दळलेल्या ज्वारीचा. दुसरा कसलाच नाही.

"तुमचेच का हे?" गिरणीवाली बाई खडखडीवरून ओरडली. "दोन तास झाले! पट्टा लंगडत होता तो नीट करून दिला, आता जा म्हटलं तर जाईनात!"

खिडकीच्या फळीवर मामाचा ग्लास होता. काठोकाठ भरलेला. वर पिठाची साय धरलेली.

पप्पांनी राजीची नजर पाहिली. "खाली ठेवता येईना, आणि पिता पण येईना," ते म्हणाले. "म्हणून घेऊन आलो."

"कशाला पण, पप्पा?"

"मला काय ठाऊक? चौदावाला असतो तर प्यालो असतो. मोठा आकडा असता तर मामाला तोंडावर सांगितलं असतं, आजारी आहे म्हणून. आकडाच नाही म्हटल्यावर काय करायचं असतं?"

तेवढ्यात शेवटचा डबा दळून झाला आणि बाईनं खटका खाली ओढला. पट्टा फिरत फिरत, मंद होत होत, थांबला.

सगळं गप्प झालं.

पप्पांची नजर फळीकडं सरकली. राजीनं बोलायला तोंड उघडलं, काहीही, काहीतरी, पाढे तरी, आणि तालुक्यात पहिल्या आलेल्या राजीला एक शब्द सुचेना.

"शर्ट बघा! शर्ट बघा काय केलाय!" दारातून आई म्हणाली.

दोघांनी वळून पाहिलं.

"परवा इस्त्री केलाय मी तो. जावळाला जायचं म्हणून केलाय. पिठात लोळायला केलाय का? आणि गाडी कुठं लावलीय? त्या वळणावर? चिखलात? म्हंजे ती पण मीच धुवायची." आई आत आली. बोलता बोलताच तिनं फळीवरचा ग्लास उचलला, दाराबाहेर गटारीत उपडा केला आणि राजीच्या हातात कोंबला. "धर. मामाचा आहे, धुवून दे. उठा! काय बसलाय पोत्यावर? ह्या बाईला घरदार नाही का? माफ करा हं ताई, हा माणूस असाच. लग्नात पण असाच बसला होता, अंतरपाट धरला तरी उठेना. आणि राजीच्या वेळी, ऐकून घ्या आता, राजीच्या वेळी मी दवाखान्यात तीन दिवस एकटी पडले होते, तिसऱ्या दिवशी तुम्ही आलात तेव्हा हातात काय होतं? केळी. एक डझन केळी. मी कुणाला सांगितलं नाही हे. आजार म्हणून सांगितलं नाही. आज सांगते..."

ते तिघं मामाच्या शेताच्या रस्त्याला लागले. पुढं आई, तिच्या मागं पांढरे पप्पा, त्यांच्या मागं रिकामा ग्लास घेतलेली राजी. आई सांगत होती आणि राजीनं कधी ऐकलं नव्हतं ते सगळं बाहेर येत होतं. ताटाचं, दारूत बुडालेल्या सणाचं, मोडलेल्या दाराचं. पप्पा खाली मान घालून "हं" म्हणत होते. मधूनच डोळे पुसत होते, आणि पुसताना गालावर पिठाची खीर होत होती. हे भांडण होतं की समेट, आई त्या माणसाला माफ करत होती की आत्ता कुठं रागवायला लागली होती, राजीला काही म्हणजे काही कळत नव्हतं. तिच्याकडं कशाचाच पुरावा नव्हता. एवढंच कळत होतं, की आईनं थांबू नये.

चढावर आईला धाप लागली. ती थांबली. उसाच्या पानांतून वारा गेला आणि मग तोही थांबला.

पप्पाही थांबले. क्षणभर त्यांचा हात हवेत काहीतरी शोधल्यासारखा हलला.

"पुढं?" ते म्हणाले. "पुढं काय झालं? सांग की."

आईनं पदरानं तोंड पुसलं, एक मोठा श्वास घेतला आणि सांगायला लागली.